पहिली एनपी नेमताना: टेक्सासमधल्या छोट्या सायकियाट्री क्लिनिकसाठी

माझा नवरा सायकियाट्रिस्ट आहे. ह्यूस्टनजवळच्या एका उपनगरात आमचं छोटं क्लिनिक आहे. तीन खोल्या, एक रिसेप्शनिस्ट, आणि मागच्या खोलीत मी. मी नाशिकची बी.कॉम. औषधांतलं मला काही कळत नाही, पण पगार, बिलिंग आणि विमा कंपन्यांशी भांडणं हे खातं माझं. नव्या पेशंटला अडीच-तीन महिने थांबावं लागायला लागलं, तेव्हा आम्ही नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे सगळे म्हणतात तसं 'एनपी', नेमायचं ठरवलं.

पहिल्या वेळी आम्ही सपशेल आपटलो. ती बाई सहा महिन्यांत सोडून गेली आणि चूक बहुतांशी आमची होती. आता आमच्याकडे दोन एनपी आहेत आणि दोघी टिकल्या आहेत. दर वर्षी मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत, कुणीतरी डॉक्टर किंवा डॉक्टरची बायको मला गाठून विचारते, "तुम्ही एनपीला किती देता गं?" रांगेत उभं राहून याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. यातला कायद्याचा भाग टेक्सासचा आहे. दुसऱ्या राज्यात असाल तर पायरी १ तुमच्या राज्याच्या नियमांनी पुन्हा करा, बाकीचं बहुतेक जसंच्या तसं लागू पडेल.

आधी एक खुलासा, कारण माझ्या सासूबाईंनाही तो करावा लागला होता. "म्हणजे सिस्टरच ना?" असं त्यांनी विचारलं होतं. एनपी आधी रजिस्टर्ड नर्स असते, मग मास्टर्स किंवा डॉक्टरेट करते, आणि ती पेशंट तपासते, निदान करते, औषध लिहून देते. हा पेशा १९६५ मध्ये कोलोराडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी सुरू केला. मानसिक आरोग्यातली एनपी म्हणजे पीएमएचएनपी. फॅमिली एनपीनं सायकियाट्रीत काम करावं की नाही यावर मतं आहेत. आमचं मत सरळ आहे: पीएमएचएनपीच घ्या.

पायरी १: एनपीला काय करता येतं आणि काय नाही, ते आधी वाचा

अमेरिकेत हे राज्यागणिक बदलतं. काही राज्यांत एनपी स्वतःच्या नावाची पाटी लावून एकटी प्रॅक्टिस करू शकते. न्यूयॉर्कमध्ये ३,६०० तासांच्या अनुभवानंतर डॉक्टरशी लेखी करार ठेवावा लागत नाही. टेक्सास मात्र कडक राज्य आहे. इथे औषध लिहायला डॉक्टरबरोबर प्रिस्क्रिप्टिव्ह ऑथॉरिटी अॅग्रीमेंट लागतं. ते दर वर्षी वाचून सही-तारखेसह नवं करायचं असतं. डॉक्टर आणि एनपीची महिन्यातून किमान एक बैठक व्हायलाच हवी आणि तिची नोंद हवी. किती केसपेपर तपासायचे ते करारात लिहावं लागतं. डॉक्टरनं ही जबाबदारी टेक्सास मेडिकल बोर्डाकडे ऑनलाइन नोंदवायची असते. आमच्यासारख्या क्लिनिकमध्ये एका डॉक्टरला पूर्णवेळ सातपेक्षा जास्त एनपी आणि पीए (फिजिशियन असिस्टंट) अशा रीतीनं ठेवता येत नाहीत. छोट्यांना ही मर्यादा कधी आड येत नाही म्हणा.

खरी मेख पुढे आहे, आणि आम्ही तिच्यातच अडकलो. टेक्सासमध्ये एनपीला शेड्यूल दोनची औषधं (सवय लागण्याच्या धोक्यामुळे कडक नियंत्रणातली) फक्त हॉस्पिटलच्या किंवा हॉस्पिसच्या, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांच्या सेवेच्या, चौकटीत लिहिता येतात, साध्या क्लिनिकमध्ये नाही. शेड्यूल दोन म्हणजे अॅडरॉल, रिटालिन, व्हायव्हान्स: एडीएचडीची नेहमीची औषधं. आम्ही पहिल्या एनपीच्या वेळापत्रकात ढीगभर एडीएचडीची मुलं आणि कॉलेजातले पेशंट घातले. मग काय, तिनं पेशंट पाहायचा, आणि प्रिस्क्रिप्शनसाठी माझ्या नवऱ्यानं मधल्या वेळात धावत जायचं. दोघंही वैतागले. फार्मसीचे फोन मला यायचे ते वेगळेच. शेड्यूल तीन ते पाचची औषधं, म्हणजे झोपेच्या आणि चिंतेच्या बऱ्याचशा गोळ्या, तिला लिहिता येतात, पण रीफिल धरून ९० दिवसांपर्यंतच. त्यापुढे डॉक्टरशी बोलून तशी नोंद करावी लागते. शिवाय बेन्झोडायझेपिन (चिंतेच्या गोळ्यांचा एक गट) लिहिण्याआधी राज्याच्या प्रिस्क्रिप्शन मॉनिटरिंगच्या नोंदींत पेशंटचं नाव तपासणं १ मार्च २०२० पासून सक्तीचं आहे.

म्हणून जाहिरात देण्यापूर्वी एका दुपारी बसून तुमच्या पेशंटची यादी काढा. कितीजण शेड्यूल दोनच्या औषधावर आहेत? ते डॉक्टरकडेच राहणार. उरलेल्यांत एनपीचा पूर्ण दिवस भरतो का, ते पाहा.

पायरी २: हिशोब कागदावर मांडा, आणि तो नंतर तिलाही दाखवा

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, त्यामुळे जरा रेंगाळते.

पगाराचा आकडा शोधायला लोक आधी इंटरनेटवर जातात. ब्यूरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सच्या मे २०२३ च्या आकडेवारीत देशभरातल्या सगळ्या एनपींचा मधला पगार १,२६,२६० डॉलर होता, म्हणजे निम्म्या त्याच्या वर, निम्म्या खाली. सायकियाट्रीतल्या एनपी साधारणपणे याहून जास्त मागतात. पण या आकड्यावरून तुमच्या क्लिनिकला काय परवडतं हे कळत नाही, आणि तिच्यावर किती काम पडणार तेही कळत नाही.

आम्ही असं मांडलं. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

आठवड्याला ४० तास. त्यातले ३० पेशंटसोबत आणि १० बाकीच्या कामाचे: नोट्स, रीफिल, लॅबचे रिपोर्ट, पेशंटचे फोन, विमा कंपनीकडून औषधाची पूर्वमंजुरी काढणं. हे १० तास काम म्हणून धरा. पहिल्या वेळी आम्ही ४० च्या ४० तास पेशंट लावले होते. नोट्स ती घरी नेऊन रात्री अकरापर्यंत लिहायची. तिनं ते सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

तीस तासांत एका तासाचे ६ नवे पेशंट आणि अर्ध्या तासाचे ४८ जुने. साधारण १५ टक्के लोक येतच नाहीत असं धरलं. उरले ५ नवे, ४१ जुने. सुट्ट्या, सण आणि कोर्सचे दिवस वजा करून वर्षाला ४६ आठवडे. नव्या पेशंटमागे सरासरी १५० डॉलर आणि जुन्यामागे ९० हातात आले, तर आठवड्याला ४,४४० आणि वर्षाला २,०४,२४० डॉलर. लक्षात घ्या, हे विमा कंपनीनं प्रत्यक्ष दिलेले पैसे आहेत. आपण बिलावर लिहितो तो आकडा इथे कामाचा नाही.

आता खर्च, वर्षाचा:

- पगार १,४०,०००
- आपल्या वाट्याचा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कर, ७.६५ टक्के: १०,७१०
- हेल्थ इन्शुरन्समधला आपला वाटा: ९,०००
- निवृत्ती खात्यात ४ टक्के: ५,६००
- मालप्रॅक्टिस विमा (उपचारात चूक झाल्याच्या दाव्यांसाठी): २,५००
- कोर्स, लायसन्स, डीईए (नियंत्रित औषधं लिहायला लागणारी केंद्राची नोंदणी): २,८००
- सॉफ्टवेअर आणि ई-प्रिस्क्रिप्शन: ४,०००
- रिसेप्शनिस्टच्या वेळेचा वाटा: २०,०००
- बिलिंग कंपनीचे ६ टक्के: सुमारे १२,२५०

बेरीज जवळजवळ २,०६,८६० डॉलर. म्हणजे पूर्ण भरलेल्या वर्षातही अडीच हजाराचा तोटा, भाडं न धरता. पहिल्यांदा हे उत्तर आलं तेव्हा मला वाटलं वजाबाकी चुकली. चुकली नव्हती.

इथे बहुतेक जण दोन सोप्या गोष्टी करतात: पगार कापतात, किंवा अर्ध्या तासाचे पंधरा मिनिटं करतात. दुसरं अजिबात करू नका. तासाला चार मनोरुग्ण पाहणारी एनपी वर्षभरात सोडून जाते, आणि गेली नाही तर त्याहून वाईट होतं.

आम्ही आधी बिलिंग तपासलं. विम्याच्या बिलावर प्रत्येक भेटीचा एक कोड असतो; भेट जितकी गुंतागुंतीची, तितका वरचा कोड आणि जास्त पैसे. जुन्या पेशंटच्या भेटी सरसकट ९९२१३ या कोडवर जात होत्या. मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, मोजमापात २०२१ पासून ९९२१३ ला कामाचे १.३० गुण आहेत आणि ९९२१४ ला १.९२. दोन आजार सांभाळणं, औषध बदलणं, अशी जी भेट खरोखर ९९२१४ ची आहे ती ९९२१४ म्हणूनच जायला हवी. आणि जिथे औषधांबद्दलचं बोलणं सोडून किमान १६ मिनिटं खरी सायकोथेरपी झाली, तिथे ९०८३३ हा जोडकोड लागतो. ती मिनिटं वेगळी लिहून ठेवावी लागतात. जे केलं त्याचेच पैसे मागायचे. प्रत्येक भेटीला डोळे मिटून जोडकोड लावला, तर एक दिवस विमा कंपनी जुन्या फायली मागवते आणि मग पैसे परत करावे लागतात. बिलिंग नीट झाल्यावर जुन्या पेशंटची सरासरी ९० वरून ११० वर गेली असं धरा. वर्षाची जमा २,४१,९६०, खर्च सुमारे २,०९,१३०, उरले ३२,८००.

यातून डॉक्टरचा वेळ वजा करायचा. महिन्याची बैठक, केसपेपर तपासणं, मध्येच दारावर टकटक, सगळं मिळून आठवड्याला दोन तास. तासाला २०० डॉलर धरले तर १८,४००. हाती १४,४०० च्या आसपास, आणि भाडं त्यातूनच. एनपी ठेवली की क्लिनिक मालामाल होतं ही समजूत मंडळात फार आहे. पहिल्या एनपीत पैसे थोडेच सुटतात. पेशंटची रांग मात्र खरंच कमी होते.

आणखी एक: मेडिकेअर एनपीला डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के देतं. काही खासगी कंपन्या तोच कित्ता गिरवतात. डॉक्टरच्या नावानं बिल लावून १०० टक्के घेण्याचा 'इन्सिडेंट-टू' नावाचा नियम आहे, पण त्याला अटी आहेत: पेशंट आधी डॉक्टरनं पाहिलेला हवा, उपचार त्यांनी ठरवलेला हवा, आणि देखरेखीला ते त्या वेळी उपलब्ध हवेत. नवा पेशंट किंवा नवी तक्रार यात बसत नाही. हिशोब ८५ टक्क्यांवरच मांडा.

पायरी ३: पगाराची पद्धत ठरवा

चार पद्धती ऐकायला येतील: ठरीव पगार, ठरीव पगार अधिक बोनस, जमेतली टक्केवारी, आणि गुणांवर पैसे.

निव्वळ टक्केवारीवर ठेवू नका, निदान सुरुवातीला तरी. तुमची बिलिंग कंपनी आळशी निघाली तर त्याची शिक्षा तिला कशाला? शिवाय पहिले काही महिने जमाच नसते. यात कायद्याचाही मुद्दा आहे. एनपीला ओव्हरटाइमच्या नियमातून सूट हवी असेल तर तिला ठरीव पगार किंवा ठरीव फी मिळायला हवी, पगार आठवड्याला किमान ६८४ डॉलर. तासावर पैसे दिले आणि ती ४० तासांच्या पुढे गेली, की दीडपट द्यावे लागतात. ही सूट डॉक्टरांना आपोआप असते, एनपीला नाही. बरेच डॉक्टर स्वतःवरून अंदाज बांधतात आणि फसतात.

आम्ही ठरीव पगार अधिक बोनस ठेवला. बोनसची रेघ हिशोबातूनच काढली. डॉक्टरचा वेळ धरून वरचा सगळा खर्च सुमारे २,२७,००० च्या जमेला भरून निघतो. त्यापुढच्या प्रत्येक डॉलरमधले ३० टक्के तिचे, दर तीन महिन्यांनी. वरच्या उदाहरणात वर्षाला साडेचार हजार होतात. फार नाहीत, पण ते कुठून आले हे तिला दिसतं. रेघ मनानं वर सरकवायची नाही, हे आम्ही करारातच लिहिलं.

आणि कंत्राटी म्हणून १०९९ वर (कंत्राटदारांचा कराचा फॉर्म) ठेवायचा मोह टाळा. "कर वाचतो, सगळे तसंच करतात," असं तुम्हालाही कुणीतरी सांगेल. ती तुमच्या वेळेत, तुमच्या खोलीत, तुमच्या सॉफ्टवेअरवर, तुमचे पेशंट पाहते. आयआरएसच्या, म्हणजे केंद्राच्या कर खात्याच्या, दृष्टीनं ती बहुधा नोकरच ठरते. मग मागचा कर आणि दंड तुमच्या माथी.

पायरी ४: जाहिरात आणि मुलाखत

जाहिरातीत पगाराची रेंज लिहा. टेक्सासमध्ये सक्ती नाही, तरी लिहा. त्यासोबत पेशंटला किती मिनिटं, आठवड्याला पेशंटचे किती तास, रात्रीचे फोन कुणी घ्यायचे, शेड्यूल दोन कोण लिहिणार, हेही लिहा. आमच्या दुसऱ्या जाहिरातीला अर्ज कमी आले, पण आलेल्या प्रत्येकीनं ती वाचली होती.

नुकती पास झालेली की अनुभवी? राष्ट्रीय परीक्षेला बसायला किमान ५०० तासांचं प्रत्यक्ष काम लागतं. डॉक्टरच्या रेसिडेन्सीपुढे हे फार थोडं आहे. काही ऑनलाइन कोर्समध्ये तर विद्यार्थिनीला शिकवणारा डॉक्टरही स्वतःच शोधावा लागतो. म्हणून अर्जात डिग्रीच्या आधी मी एक गोष्ट बघते: ती नर्स म्हणून कुठे होती? सायकियाट्रिक वॉर्डात पाच वर्षं काढलेली नवी एनपी आम्हाला अनुभवी उमेदवारापेक्षा सरस वाटली. नवीच घेणार असाल, तर पहिलं वर्षभर तासाला दोन पेशंटचा हिशोब विसरा आणि डॉक्टरचा आठवड्याचा वेळ दुप्पट धरा.

मुलाखतीत नवरा केस देतो आणि गप्प बसतो. आमच्या दोन आवडत्या केसेस: लिथियमवर स्थिर असलेल्या पेशंटची पाठ धरली, कुणीतरी दहा दिवसांचं आयब्युप्रोफेन दिलं, आता हात थरथरतात आणि जुलाब होतायत. आणि दुसरी, लॅमोट्रिजिन २०० मिलिग्रॅमवरचा पेशंट दहा दिवस गोळ्या चुकवून रीफिलसाठी फोन करतो. पहिलीत लिथियमची पातळी वाढल्याचा संशय यायला हवा. दुसरीत २०० पुन्हा सुरू न करता खालून हळूहळू चढवायला हवं. तिसरा प्रश्न माझा असतो: शुक्रवारी पावणेपाचला पेशंट म्हणाला की घरी गोळ्या साठवून ठेवल्यात, तर? जी म्हणते, "त्याला जाऊ देणार नाही, डॉक्टरांना बोलावीन, घरच्यांना फोन करीन," ती आमची. ९८८ चा (आत्महत्या रोखण्याच्या हेल्पलाइनचा) नंबर देऊन मोकळी होणारी नको.

तिलाही प्रश्न विचारू द्या. आधीच्या एनपी का सोडून गेल्या, हे तिनं विचारलं तर खरं सांगा. मी सांगितलं.

पायरी ५: कागदपत्रं आणि तपासणी

तिच्याकडून हे मागा:

- रजिस्टर्ड नर्सचं आणि प्रगत नर्सचं, अशी दोन्ही लायसन्स
- एएनसीसीचं (नर्सना प्रमाणपत्र देणारी राष्ट्रीय संस्था) पीएमएचएनपी प्रमाणपत्र. ते पाच वर्षांनी नवं करावं लागतं, तारीख बघा
- डीईए नोंदणी; तीन वर्षांची फी ८८८ डॉलर, ती तुम्हीच भरा
- व्यसनाधीनतेवरच्या आठ तासांच्या प्रशिक्षणाचा पुरावा. २७ जून २०२३ पासून डीईए नोंदणी करताना किंवा नवी करताना ते एकदा दाखवावं लागतं
- एनपीआय नंबर (बिलावर लागणारा तिचा राष्ट्रीय ओळख क्रमांक) आणि सीएक्यूएच खात्याची माहिती (विमा कंपन्या तिची कागदपत्रं जिथून ऑनलाइन बघतात ते)
- आधीच्या मालप्रॅक्टिस विम्याची कागदपत्रं
- तीन संदर्भ, त्यातला एक तिच्यावर देखरेख केलेल्या डॉक्टरचा

तुम्ही स्वतः तपासा: नर्सिस या नर्सच्या लायसन्सच्या वेबसाइटवर लायसन्स, फुकटात होतं. ओआयजीच्या (केंद्राच्या आरोग्य खात्याचे महानिरीक्षक) बहिष्कृतांच्या यादीत नाव नाही ना, हेही. यादीतलं माणूस नेमून मेडिकेअरचं बिल लावलं तर दंड तुम्हाला. ही यादी दर महिन्याला बघायची सवय लावा, दोन मिनिटांचं काम आहे. नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँकेचा (दावे आणि शिस्तभंगाच्या कारवाया यांच्या नोंदी) स्वतःबद्दलचा अहवाल तिला थोडी फी भरून मागवता येतो.

रुजू झाल्यावर डब्ल्यू-४ (पगारातून कर कापण्याचा फॉर्म) पहिल्या दिवशी, आय-९ चा (इथे काम करण्याच्या हक्काचा फॉर्म) तुमचा भाग कामाच्या तीन दिवसांच्या आत, आणि नव्या नोकराची नोंद राज्याकडे २० दिवसांत.

मंडळात हेही विचारतात: "भारतातून एखादी चांगली नर्स आणता येईल का?" एनपी म्हणून थेट नाही. तिथली बी.एस्सी. नर्सिंग असलेल्या मुलीला आधी इथलं नर्सचं लायसन्स, त्यासाठी एनसीएलईएक्स ही परीक्षा, मग इथला एनपीचा कोर्स. कित्येक वर्षांची वाट आहे.

पायरी ६: करार

वकील करा. नमुना करार इंटरनेटवरून उतरवू नका. आमचा पहिला तसाच होता आणि त्यात कॅलिफोर्नियाचा कायदा लागू होईल असं लिहिलं होतं.

ज्या कलमांवर वेळ घालवायचा ती दोन. पहिलं, मालप्रॅक्टिसचा 'टेल'. विमा 'क्लेम्स-मेड' प्रकारचा, म्हणजे विमा चालू असताना आलेल्या दाव्यांपुरताच, असेल तर ती सोडून गेल्यावर जुन्या केसेससाठी टेल, म्हणजे नंतर येणाऱ्या दाव्यांचं संरक्षण, विकत घ्यावा लागतो, आणि ती मोठी एकरकमी रक्कम असते. ती कोण भरणार, हे करारात नसेल तर निरोपाच्या दिवशी भांडण ठरलेलं. आम्ही 'ऑकरन्स' प्रकारचा विमा घेतो; त्यात घटना विम्याच्या काळातली असली की दावा कधीही आला तरी चालतो. प्रीमियम जास्त, पण टेलचा प्रश्नच नाही.

दुसरं, नॉन-कम्पीट, म्हणजे सोडून गेल्यावर जवळपास काम करायला मनाई. १ सप्टेंबर २०२५ पासून केलेल्या किंवा नव्या केलेल्या करारांना टेक्सासचा नवा कायदा लागू आहे. त्यानं डॉक्टरांच्या अशा कलमांवर असलेले निर्बंध नर्सच्या कलमांनाही लावले. मनाई एका वर्षापेक्षा जास्त नको, पाच मैलांपेक्षा लांब नको, आणि पैसे भरून सुटका करून घेण्याची सोय हवी, तीही तिच्या एका वर्षाच्या पगारापेक्षा जास्त नसलेल्या रकमेत. आम्ही नॉन-कम्पीट ठेवलंच नाही. पाच मैलांत मनोविकारतज्ज्ञ शोधूनही सापडत नाही, तिथे एका एनपीला अडवून पेशंटचंच नुकसान.

बाकी नोटीस दोन्ही बाजूंनी ६० दिवसांची, भरपगारी रजा, कोर्ससाठी पैसे आणि सुट्टी. पगाराचा आढावा कोणत्या महिन्यात, ते तारखेसह.

पायरी ७: क्रेडेन्शियलिंगचे रिकामे महिने

आमचं पहिलं जहाज इथेच बुडालं. प्रत्येक विमा कंपनीकडे तिचं नाव मंजूर होईपर्यंत तिचं बिल लावता येत नाही. तीन ते चार महिने धरा. आम्ही जूनमध्ये तिला रुजू करून घेतलं. एका मोठ्या कंपनीची मंजुरी सप्टेंबर संपता संपता आली. तोवर पगार टक्केवारीवर होता. म्हणजे ती येत होती, बसत होती, आणि तिला जवळजवळ काहीच मिळत नव्हतं. आम्हाला तेव्हा हे तिचंही नशीब आणि आमचंही नशीब असं वाटलं. आज लाज वाटते.

या काळात डॉक्टरच्या नावानं बिलं लावू नका. "सगळेच लावतात" हे इथेही ऐकाल. ज्यानं पेशंट पाहिला नाही त्याच्या नावानं बिल ही फसवणूक आहे, आणि सही तुमची असते.

करायचं ते असं. ऑफर स्वीकारल्याच्या आठवड्यात अर्ज भरा, रुजू होण्याची वाट पाहू नका. सीएक्यूएचचं खातं दर १२० दिवसांनी पुन्हा खरं असल्याची ग्वाही देऊन ताजं करावं लागतं. ते चुकलं की अर्ज मुकाट्यानं अडकतो आणि कुणी कळवत नाही. मी कॅलेंडरवर लाल खूण केली आहे. दर दोन आठवड्यांनी फोन करा, बोलणाऱ्याचं नाव आणि संदर्भ क्रमांक वहीत लिहा. रुजू होण्याची तारीख शक्यतो दोन मोठ्या कंपन्यांच्या मंजुरीनंतरची ठेवा. आधी रुजू करणार असाल तर पूर्ण पगार पहिल्या दिवसापासून द्या. आमच्या हिशोबात तिचा थेट खर्च महिन्याला १४,५०० डॉलर, म्हणजे चार महिन्यांचे ५८,०००. एवढी रक्कम किंवा बँकेची तेवढी मर्यादा हातात नसेल तर नेमणूक पुढे ढकला.

पायरी ८: पहिले नव्वद दिवस

पहिला महिना अर्धं वेळापत्रक. दुसरा तीन-चतुर्थांश. पहिले पंधरा दिवस तिनं डॉक्टरबरोबर बसून पेशंट पाहावेत, मग डॉक्टरनं तिच्याबरोबर बसावं. महिन्याची बैठक कायद्यापुरती न ठेवता आम्ही दर बुधवारी दुपारी पाऊण तास ठेवतो, दार बंद, फोन माझ्याकडे. तिला अडलेल्या केसेस आधी.

पेशंटना आधी कळवा. आमच्या मराठी आणि गुजराती पेशंटपैकी काहींनी "आम्हाला डॉक्टरच हवेत" म्हणून फोन केले. नवऱ्यानं प्रत्येकाला स्वतः सांगितलं की ही तुमची फाइल वाचून येईल, मी मागे आहेच. दोघं-तिघं सोडता सगळे तिच्याकडे राहिले. "सिस्टर" म्हणून हाक मारणाऱ्या एका आजोबांना तिनंच हसून पहिलं नाव सांगितलं.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी मी तिच्यापुढे पायरी २ चा कागद ठेवते. आपण काय धरलं होतं, काय झालं. न येणारे पेशंट १५ टक्के म्हटलं होतं, एका एनपीच्या बाबतीत ते २२ निघाले, कारण तिच्याकडे सकाळी आठची वेळ होती आणि तिचे बरेच पेशंट रात्रपाळीचे होते. तिनंच सुचवलं की दहाला सुरू करू. आम्ही केलं.

दुसरीनं वर्ष संपल्यावर पगारवाढ मागितली नाही. तिला शुक्रवार मोकळा हवा होता. चार दिवस दहा-दहा तासांचे, पेशंटचे तास तेच तीस. कागदावर मांडून बघितलं तर जमा जवळजवळ तेवढीच राहत होती, म्हणून हो म्हटलं, आणि तीन हजार वाढवूनही दिले. शुक्रवारी तिची खोली आता एका थेरपिस्टला भाड्यानं जाते.